सृष्टीचे अंडे, वसंताचे अंडे

जगाच्या आरंभाविषयी माणसाने जी चिन्हे योजली, त्यांत अंड्याचे स्थान फार जुने आहे. कवच बाहेरून निर्जीव दिसते. आत जीव असतो, पण तो दिसत नाही. पुरेशी ऊब आणि ठरलेला काळ मिळाला की कवच आतूनच फुटते. काहीच नव्हते तेथून सगळे कसे झाले, या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्यांना घरामागच्या खुराड्यातच एक नमुना सापडला. पुढे या चिन्हाच्या दोन शाखा झाल्या. भारतात अंडे सृष्टिविचारात, राजविधीत आणि वास्तुशिल्पात रुजले, पण सणाच्या ताटात आले नाही. इराणपासून पश्चिमेकडे मात्र ते रंगवून वसंताच्या सणात मांडले जाऊ लागले.

हैदराबादेत या दोन्ही शाखा शेजारी नांदतात. सातव्या निजामाचे थोरले पुत्र हिमायत अली खान, म्हणजे आझम जाह, यांच्या नावाने वसलेल्या हिमायतनगरात आणि भोवतालच्या नारायणगुडा, आबिड्स, गनफाउंड्री या भागांत मराठी घरांचा पाडवा, तेलुगू घरांचा उगादी, पारशी-इराण्यांचा नवरोज आणि ख्रिस्ती घरांचा ईस्टर थोड्या दिवसांच्या अंतराने येतात. २०२३ साली २१ मार्चला नवरोज होता, २२ मार्चला पाडवा आणि उगादी, तर ९ एप्रिलला ईस्टर. या सणांमागे सृष्टीच्या नव्या आरंभाची एकच कल्पना आहे.

नक्षीदार कवच

अंड्याला अर्थ देण्याच्या आधी माणसाने त्याच्या कवचावर रेघा कोरल्या. दक्षिण आफ्रिकेतील डीपक्लूफ येथील शैलाश्रयात शहामृगाच्या अंड्यांची सुमारे ६०,००० वर्षांपूर्वीची कोरीव कवचे मिळाली. भारतातील असा ठळक पुरावा महाराष्ट्रात आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा कोरीव तुकडा आणि कवचापासून घडवलेले मणी सापडले. समांतर रेघांच्या चौकटीत आडव्यातिडव्या रेघांची जाळी असलेला हा तुकडा सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा मानला जातो. त्या काळी दख्खनच्या माळरानांवर शहामृग वावरत होते. या रेघांचा हेतू धार्मिक होता असे त्यांवरून म्हणता येत नाही. अंड्याचे कवच सजवण्याची प्रवृत्ती शेती आणि पशुपालन यांच्याही आधीची आहे, एवढे मात्र त्यावरून सिद्ध होते.

पाण्यावर तरंगणारे वर्ष

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १२१ व्या सूक्तात आरंभी प्रकटलेल्या हिरण्यगर्भाचे वर्णन आहे. तो भूतमात्राचा एकमेव स्वामी होता आणि त्यानेच पृथ्वी व आकाश धरून ठेवले, असे हे सूक्त सांगते. तेथे शब्द गर्भाचा आहे. त्याला अंड्याचे स्पष्ट रूप ब्राह्मणग्रंथांत मिळाले.

शतपथ ब्राह्मणाच्या अकराव्या कांडातील कथेनुसार आरंभी सर्वत्र पाणी होते. आपण प्रजारूप व्हावे अशी इच्छा होऊन पाण्याने तप केले आणि त्यातून सोन्याचे अंडे निर्माण झाले. तेव्हा संवत्सर, म्हणजे वर्ष, अस्तित्वात नव्हते. वर्ष भरण्याइतका काळ ते अंडे पाण्यावर तरंगत राहिले आणि मग त्यातून प्रजापती जन्माला आला. म्हणूनच स्त्री, गाय आणि घोडी वर्षाच्या आत प्रसवतात, असे ग्रंथकार सांगतो. टेकायला जागा नसल्याने प्रजापतीला घेऊन ते फुटलेले अंडे आणखी एक वर्ष तरंगले. वर्षाअखेर त्याने बोलण्याचा यत्न केला. त्याने उच्चारलेल्या तीन शब्दांतून भूमी, अंतरिक्ष आणि स्वर्ग झाले.

छांदोग्य उपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायात अंड्याचा एकेक भाग जगाच्या एकेका भागाशी जोडलेला आहे. वर्षभर पडून राहिलेले अंडे दुभंगले तेव्हा त्याचे एक शकल रुप्याचे आणि दुसरे सोन्याचे झाले. रुप्याचे शकल ही पृथ्वी, सोन्याचे हे आकाश. बाहेरच्या वेष्टनाचे पर्वत झाले, आतल्या पातळ वेष्टनाचे ढग आणि धुके झाले, शिरांच्या नद्या झाल्या, आतल्या द्रवाचा समुद्र झाला. त्यातून जो जन्मला तो सूर्य. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायातही सोन्याच्या अंड्यात ब्रह्मदेव वर्षभर राहतो आणि मग त्याचे दोन भाग करून आकाश व पृथ्वी घडवतो.

या तिन्ही ठिकाणी वर्षाचा उल्लेख आहे. अंडे उबण्याचा काळ म्हणजे एक संवत्सर, आणि ते फुटणे म्हणजे काळाच्या पहिल्या आवर्तनाची पूर्तता. नववर्षाच्या दिवसाला सृष्टीच्या आरंभाचा दिवस मानण्याची कल्पना या विचाराशी सहज जुळते. चैत्र शुद्ध प्रतिपदेला ब्रह्मदेवाने जग निर्माण केले, असे ब्रह्मपुराणातील वचन देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाद्री याने तेराव्या शतकात आपल्या 'चतुर्वर्गचिंतामणी' या ग्रंथात उद्धृत केले आहे. पाडवा आणि उगादी यांमागचा हा शास्त्राधार दख्खनमध्येच अशा रीतीने ग्रथित झाला.

ब्रह्मांड, अरुण आणि मार्तंड

पुराणांनी या अंड्याला ब्रह्मांड हे नाव कायम केले. अठरा महापुराणांपैकी एकाचे नावच ब्रह्मांडपुराण आहे. या पुराणांनुसार ब्रह्मांडाभोवती पाणी, तेज, वायू, आकाश आणि त्यांपलीकडची सूक्ष्म तत्त्वे यांची एकाबाहेर एक आवरणे असून प्रत्येक आवरण आधीच्यापेक्षा दहापट मोठे आहे. अशी ब्रह्मांडे असंख्य आहेत, असेही पुराणे सांगतात. हा विचार मराठीत इतका मुरला, की पिंडी ते ब्रह्मांडी हे सूत्र संतवाङ्मयातून घराघरांत गेले आणि मोठे संकट कोसळले की माणसाला 'ब्रह्मांड आठवू' लागले.

अंड्याच्या कथांत घाईचा दोष दाखवणारी एक कथा महाभारताच्या आदिपर्वात आहे. कश्यपाच्या पत्नींपैकी कद्रूने हजार अंडी घातली आणि विनतेने दोन. पाचशे वर्षांनी कद्रूच्या अंड्यांतून नाग निघाले. विनतेला धीर धरवला नाही. तिने आपले एक अंडे फोडले. त्यातून निघालेल्या पुत्राचे वरचे अर्धे शरीर पूर्ण होते, खालचे घडलेले नव्हते. हा अरुण. त्याने आईला दासी होण्याचा शाप दिला आणि तो सूर्याचा सारथी झाला. दुसरे अंडे आणखी पाचशे वर्षे राखल्यावर त्यातून गरुड जन्मला आणि त्याने आईला दास्यातून सोडवले. पहाटेचा अपुरा प्रकाश आणि पक्ष्यांचा राजा हे दोघे या कथेत एकाच आईच्या दोन अंड्यांतून आले आहेत.

महाराष्ट्राला सर्वांत जवळचे अंडे आहे मार्तंडाचे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ७२ व्या सूक्तात अदितीचे आठ पुत्र सांगितले आहेत. सात पुत्रांसह ती देवांकडे गेली आणि आठवा मार्तंड तिने दूर टाकला. शतपथ ब्राह्मणात तो हातपाय नसलेला, जितका उंच तितकाच रुंद असा गोळा म्हणून जन्मतो. त्याचे भाऊ आदित्य त्याला आकार देतात आणि तोच विवस्वान, म्हणजे सूर्य, होतो. मृत वाटलेल्या अंड्यातून उगवलेला सूर्य हा या नावाचा पारंपरिक अर्थ आहे. मार्कंडेय पुराणात याची कथा अशी येते की, गर्भवती अदिती कठोर उपवास करत असताना, तू हे अंडे मारत आहेस का, असे पती कश्यपाने तिला रागाने विचारले आणि त्यावरून पुत्राचे नाव मार्तंड पडले.

हेच नाव दख्खनच्या खंडोबाला मिळाले. जेजुरीचा मल्हारी मार्तंड हा शिवाचा मार्तंडभैरव अवतार मानला जातो. रविवार हा त्याचा वार आणि सूर्याच्या वर्णाचा भंडारा हे त्याच्या उपासनेचे मुख्य द्रव्य. कर्नाटकात तो मैलार आहे आणि तेलंगणात मल्लन्ना. हैदराबादच्या ईशान्येला असलेल्या कोमुरवेल्ली येथील मल्लन्नाची जत्रा संक्रांतीपासून उगादीपर्यंत चालते. सूर्य उत्तरेकडे वळल्यापासून नवे वर्ष लागेपर्यंतचा हा काळ मार्तंडाच्या सूर्यरूपाला साजेसा आहे.

राजाचा सुवर्णगर्भ आणि स्तूपाचे अंड

अंड्यातून पुन्हा जन्म घेण्याची कल्पना दख्खनच्या राजांनी विधीत उतरवली. मत्स्यपुराणात सोळा महादाने सांगितली आहेत. त्यांत तुलापुरुष, हिरण्यगर्भ आणि ब्रह्मांड ही पहिली तीन. हिरण्यगर्भदानासाठी ७२ अंगुळे उंच आणि ४८ अंगुळे रुंद सोन्याचे पात्र करीत. यजमान त्यात शिरून गुडघ्यांत डोके घालून गर्भासारखा बसे. पाच श्वासांइतका काळ तो तसा बसलेला असताना पुरोहित गर्भाधानापासूनचे संस्कार करीत. मग त्याला बाहेर काढून जातकर्म होई. मातेच्या उदरातून मर्त्य म्हणून जन्मलेला तो आता दिव्य देहाने जन्मला, असे मानले जाई. शेवटी ते सोने ब्राह्मणांना दान दिले जाई. हेमाद्रीच्या 'चतुर्वर्गचिंतामणी'तील दानखंडातही या महादानांचा विधी दिलेला आहे.

बदामीच्या कड्यावरील इ. स. ५४३ च्या शिलालेखात चालुक्य राजा पहिला पुलकेशी याला हिरण्यगर्भातून जन्मलेला म्हटले आहे. आंध्र-तेलंगणावर राज्य करणाऱ्या विष्णुकुंडी घराण्यातील माधववर्मा यानेही हा विधी केल्याचे ताम्रपट सांगतात. हैदराबादेत मूसीकाठच्या चैतन्यपुरीत सापडलेला प्राकृत शिलालेख याच घराण्याच्या काळातला मानला जातो. राष्ट्रकूट सत्तेचा संस्थापक दंतिदुर्ग याने उज्जैन येथे हिरण्यगर्भदान केले आणि त्या वेळी गुर्जर राजाला द्वारपाल केले, असे अमोघवर्षाच्या संजाण ताम्रपटात नोंदले आहे. नव्याने सत्तेवर आलेल्या घराण्यांना या विधीने क्षत्रियत्व आणि सार्वभौमत्व यांचा नवा जन्म मिळे. राजकीय वैधतेची गरज आणि सृष्टिकथा यांचा असा मेळ दख्खनमध्ये सातत्याने दिसतो.

शिल्पशास्त्रातही अंडे शिरले. बौद्ध स्तूपाच्या अर्धगोलाकार घुमटाला अंड असे नाव आहे. भाजे, कार्ले, अजिंठा येथील चैत्यगृहांत दगडातून कोरलेले हे अंड उभे आहे. कृष्णाखोऱ्यातील नागार्जुनकोंडा आणि सूर्यापेट जिल्ह्यातील फणिगिरी येथे विटा-दगडांच्या स्तूपांचे अवशेष आहेत. स्तूपात अस्थी किंवा अन्य पवित्र अवशेष ठेवलेले असतात आणि त्यांवर अंड उभारले जाते. मृत्यूचे स्मारक येथे जन्माच्या आकाराखाली ठेवले आहे. मंदिरांच्या नागर शिखरावरील छोट्या शिखराकृतींनाही अंडक म्हणतात आणि त्यांच्या संख्येवरून शिखराचा प्रकार ठरतो.

इतर संस्कृतींतील विश्वांडे

प्राचीन इजिप्तमध्ये आदिजलातून वर आलेल्या टेकडीवर एका महाहंसाने घातलेल्या अंड्यातून सूर्य निघाल्याची कथा होती. ग्रीसमधील ऑर्फिक पंथात अंड्यातून फॅनीस हा तेजस्वी आदिदेव जन्मतो. शिल्पांत त्याच्या अंगाला सापाचे वेटोळे दिसते. इसवी सनापूर्वी ४१४ साली रंगभूमीवर आलेल्या अ‍ॅरिस्टोफेनिसच्या 'पक्षी' या नाटकात रात्रीने घातलेल्या अंड्यातून प्रेमदेव निघतो. फिनलंडच्या 'कालेवाला' या महाकाव्यात पाण्यातील कन्येच्या गुडघ्यावर पक्षी अंडी घालतो आणि ती फुटून त्यांच्या शकलांचे पृथ्वी व आकाश होते. चिनी कथेतला पानगू हाही अंड्यासारख्या आदिगोळ्यात वाढतो.

भारताच्या पारशी परंपरेशी थेट जुळणारी कल्पना इराणची आहे. 'मेनोगी खिरद' या पहलवी ग्रंथात आकाश, पाणी आणि पृथ्वी यांची रचना अंड्यासारखी सांगितली असून पृथ्वी मध्यभागी बलकाच्या जागी आहे. ग्रीक लेखक प्लूटार्क याने इराणी धर्माविषयी लिहिताना नोंदले आहे, की अहुर मज्दा या शुभ देवाने चोवीस देवांना एका अंड्यात ठेवले, अहरिमन या दुष्ट शक्तीच्या अनुचरांनी ते अंडे भेदले आणि तेव्हापासून जगात चांगल्यात वाईट मिसळले.

अंडे वसंतात का आले

सृष्टीचे अंडे वसंताच्या सणात येण्यामागे कोंबडीचा निसर्गक्रम आहे. डोळ्यांवाटे आणि कवटीतून मेंदूपर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाने कोंबडीच्या शरीरातील प्रजननाची संप्रेरके जागी होतात. दिवस चौदा तासांच्या पुढे गेला की ती भरपूर अंडी देते, आणि हिवाळ्यात दिवस आखूड झाला की अंडी कमी होतात किंवा थांबतात. लंडनमध्ये सर्वांत लहान दिवस आठ तासांच्या आसपास, तर सर्वांत मोठा साडेसोळा तासांचा असतो. अशा प्रदेशांत हिवाळाभर रिकामे राहिलेले खुराडे वसंतात पुन्हा भरे आणि अंडे हे ऋतू पालटल्याची खूण ठरे. हैदराबाद १७.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे दिवस साधारण अकरा तासांपासून सव्वातेरा तासांपर्यंतच बदलतो. दख्खनमधल्या गावठी कोंबडीला थंडीची अशी सक्तीची विश्रांती मिळत नाही, म्हणून येथे अंड्याला वसंताची वर्दी देण्याचे काम निसर्गाने दिले नाही. ते काम आंब्याचा मोहोर आणि कडुनिंबाची कोवळी पालवी करतात, आणि पाडव्याच्या व उगादीच्या ताटात त्यांनाच मान आहे. वैदिक-पौराणिक पूजाविधींत पुढे शाकाहाराचे बंधन दृढ झाले, हे दुसरे कारण.

नवरोजच्या सणात हे चित्र उलट आहे. सूर्य विषुववृत्त ओलांडतो त्या क्षणी, २० किंवा २१ मार्चला, इराणी नववर्ष लागते. 'स' या अक्षराने सुरू होणाऱ्या सात वस्तूंच्या हफ्त-सीन मांडणीत रंगवलेली अंडी आणि आरसा ठेवतात. पृथ्वी एका बैलाच्या शिंगावर असून वर्ष पालटताना तो तिला दुसऱ्या शिंगावर घेतो, तेव्हा आरशावर ठेवलेले अंडे हलते, अशी इराणी लोकसमजूत आहे. १५९१ मध्ये हैदराबाद वसवणारा मुहम्मद कुली कुतुबशाह याने नवरोज आणि वसंत या दोन्ही सणांवर दखनीत कविता रचल्या. कुतुबशाही घराणे इराणातून आलेले आणि शिया पंथाचे होते. त्यामुळे हा सण शहराच्या जन्मापासूनच दरबारात होता. नंतर इराणी कुटुंबांनी आपल्या चहाच्या हॉटेलांबरोबर तो शहराच्या नाक्यांवर आणला. २००९ मध्ये युनेस्कोने नवरोजला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा तो वारसा सांगणाऱ्या देशांत भारतही होता.

पारशांचे हैदराबादेतील येणे महाराष्ट्राशी जोडलेले आहे. तारापूरचे विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी हे बंधू एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजामाचे सावकार होते. औरंगाबादच्या टांकसाळीत पडलेले त्यांचे 'पेस्तनशाही' रुपये मराठवाड्यात चालत. याच घराण्याच्या नावाची अग्यारी, म्हणजे पारशी अग्निमंदिर, १८४७ मध्ये सिकंदराबादेत उभी राहिली. हिमायतनगरहून जवळ असलेल्या टिळक रस्त्यावरील अग्यारी १९०४ ची आहे. पारशी घरांत अंड्याचा मान लग्नातही आहे. 'अचू-मिचू' या विधीत अंडे, नारळ, सुपारी, तांदूळ अशा वस्तू वधूवरांवरून सात वेळा ओवाळतात आणि अंडे व नारळ उंबऱ्याशी फोडतात.

पेसाह आणि ईस्टर

ज्यू लोकांचा पेसाह हा सण वसंतातील पौर्णिमेला येतो. त्या रात्रीच्या ताटात भाजलेले अंडे असते. जेरुसलेमच्या मंदिरातील सणाच्या अर्पणाची ते आठवण देते आणि इ. स. ७० मध्ये झालेल्या त्या मंदिराच्या विध्वंसाच्या शोकाचीही. कोकणातील मराठीभाषक बेने इस्रायली ज्यूंसाठी या रात्रीची पोथी, म्हणजे हगादा, मराठी भाषांतरासह १८४६ मध्ये मुंबईत छापली गेली. १८७४ च्या पुणे आवृत्तीतील चित्रांत लुगडी नेसलेल्या स्त्रिया बेखमीर भाकरी करताना दिसतात.

ईस्टरची तिथी ३२५ च्या नायकिया परिषदेनंतर वसंतसंपाताशी जोडली गेली. संपातानंतरच्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार तो ईस्टर. मध्ययुगात त्याआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात अंडी वर्ज्य होती. कोंबड्या तर नेमक्या त्याच दिवसांत भरपूर अंडी देत. साठलेली अंडी उकडून, रंगवून, उपवास सुटल्यावर वाटली जात. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या घरखर्चात १२९० साली ४५० अंड्यांसाठी १८ पेन्स दिल्याची नोंद आहे. ती अंडी सजवून दरबाऱ्यांना दिली गेली. पूर्वेकडील चर्चमध्ये अंडी ख्रिस्ताच्या रक्ताच्या स्मरणार्थ लाल रंगवतात आणि ती फोडणे हे थडगे उघडण्याचे चिन्ह मानतात. ईस्टरचे अंडे एओस्त्रे नावाच्या जर्मानिक देवीकडून आले, हे मत फार पसरलेले आहे. त्याला जुना आधार नाही. बीड या इंग्लिश धर्मगुरूने ७२५ मध्ये त्या देवीचा उल्लेख केवळ एका महिन्याच्या नावासंबंधात केला, त्यात अंडे नाही. तिच्या पूजेविषयीच्या कल्पना १८३५ मध्ये याकोब ग्रिम याने रचलेल्या तर्कानंतर वाढत गेल्या.

गोव्यात आणि मुंबईच्या ख्रिस्ती वस्त्यांत ईस्टरचे अंडे काजू किंवा बदामाच्या मार्झिपानचे करतात. हैदराबादच्या बेकऱ्यांत साखरेची आणि चॉकलेटची अंडी याच परंपरेतून आली.

दख्खनचे आजचे अंडे

दख्खनच्या लोकाचारात अंडे सणाच्या ताटाबाहेर राहिले, तरी धर्मजीवनाबाहेर गेले नाही. तेलंगणात नागपूजेच्या दिवशी वारुळात दुधाबरोबर अंडी सोडतात. हैदराबादच्या मुस्लिम घरांत आजाऱ्यावरून किंवा मुलावरून अंडे उतरवून सदका, म्हणजे दान, देतात. महाराष्ट्रात लिंबू-मिरचीबरोबर अंड्याचा उतारा तिठ्यावर ठेवतात. या आचारांत अंडे म्हणजे एका जिवाच्या बदल्यात दिलेला दुसरा जीव. ब्रह्मांडाच्या कथेत जी क्षमता जग निर्माण करते, तीच येथे संकट स्वतःवर ओढून घेते.

कुक्कुटपालन केंद्रांतील दिव्यांनी कोंबडीचा दिवस वर्षभर लांबवला आहे. अंडे बारमाही झाले आणि त्याचा वसंताशी असलेला नैसर्गिक संबंध युरोप-इराणातही सुटला. तरीही नवरोजच्या आरशावर ते ठेवले जाते आणि ईस्टरला रंगवले जाते, कारण त्याचा अर्थ आता ऋतूवर अवलंबून नाही. भारतात तो कधीच ऋतूवर अवलंबून नव्हता. म्हणून पाडव्याच्या ताटात अंडे नसले, तरी ज्या प्रतिपदेला गुढी उभारतात ती ब्रह्मांडाच्या निर्मितीचीच तिथी मानली जाते. हैदराबादच्या एकाच परिसरात मार्च-एप्रिलमध्ये नवरोज आणि पाडवा हे दोन्ही नववर्षारंभ साजरे होतात. एकात अंडे मांडणीत असते, दुसऱ्यात ते आरंभाच्या कथेत असते.